करवंदीची ओटी

समोर डोंगराच्या कुशीत ती दाट राई दिसते ना, ती आमच्या वाकणवाडीच्या देवीची. आत मोठमोठ्या जांभळी, आणि कडेनं करवंदीच्या जाळ्या. त्या जाळ्यांना इथं कुणी कोयता लावत नाही. त्याचं असं सांगतात.

फार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात डोंगराची कड सुटली आणि जुनी राई मुळांसकट खाली गेली. मागे उघडा कातळ आणि देवीचा पाषाण तेवढा राहिला. देवीची दिवाबत्ती यसू गुरवीण करायची. पाषाणाला हात लावून ती म्हणाली म्हणे, "आई, तुझ्या जांभळी परत उभ्या करीन. तोवर पायात वहाण घालणार नाही."

ती खालून पाटी-पाटी माती न्यायची, रोपं लावायची. चैत्रात ती रोपं करपून जायची. कातळावर मात्र आपोआप शेवाळ धरलं, मग फटींतून गवत आलं, तेरडा आला, कारवी आली, करवंद आलं. हे सगळं आपल्या रोपांच्या मुळावर उठलंय असं समजून यसू ते उपटत राहिली. हात काट्यांनी सोलून निघाले, पण जांभळी धरेनात.

पुढे तिचा पाय मोडला. बारा वर्षं दिव्याला सून सगुणाच जायची. शेवटी सुनेच्या खांद्यावर हात टाकून यसू वर गेली, तर करवंदीच्या गच्च जाळीतून माणूसभर उंच जांभळी वर आलेल्या.

"कुणी लावल्या गं?"

"कुणीच नाही, आत्याबाई. जाळीत पाखरं बसतात, बिया टाकतात. खाली गारवा असतो, गुरांचं तोंड पोचत नाही."

"मग मी इतकी वर्षं काय उपटत होते?"

सगुणानं तिला पाषाणापाशी नेऊन बसवलं.

देवीला दिलेला बोल आपल्या हातून फिटला की मोडला, तेच यसूला कळेना. तिनं कौल लावला. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर फिटला, डावी पडली तर मोडला. ऊन डोक्यावर आलं, तरी एकही कळी पडली नाही. मग ती उठली आणि देवीसाठी आणलेला खण-नारळ तिनं करवंदीपुढे ठेवला. वहाण तिनं मरेपर्यंत घातली नाही.

आजही चैत्रात गावच्या बायका आधी करवंदीची ओटी भरतात, मग देवीची. ही ओटी माफीची की मानाची, असं विचारलं तर जुनी माणसं म्हणतात, यसूलाच ते ठरवता आलं नाही, आम्ही काय सांगणार.