बद्द वाजलेला हंडा

एका गावात नरहरशेट नावाच्या माणसाचा तांब्याच्या हंड्यांचा कारखाना होता. बारा तांबट तिथे शेजारी शेजारी बसून हंडे ठोकत. त्यांची एक रीत होती. हंडा पुरा झाला की तो शेजाऱ्याच्या हाती द्यायचा आणि म्हणायचं, "कान दे." शेजारी बोटाने हंडा वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर ढिगावर. बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे, पुन्हा भट्टीकडे. यात कोणाला कमीपणा वाटत नसे. हंडा कोणाचा, हे कोणी विचारतही नसे.

या बाराजणांत त्र्यंबकचा कान सगळ्यांत तयार. पार पलीकडच्या कोपऱ्यात कोणी हंडा खाली टेकवला तरी तो जागेवरून सांगायचा, "तळाशी बघ रे एकदा." म्हणून सगळे त्याच्याकडेच धाव घेत आणि त्याचे स्वतःचे हंडे कमी भरत. त्याच्या शेजारी सोपान बसे. वीस वर्षं दोघांची जागा बदलली नव्हती.

आता चांगलं चाललेलं काही लोकांना बघवत नाही. नरहरशेट एका लग्नाला शहरात गेले. तिथे पंगतीत कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की कामगारांना चुरशीला लावलं की ते दुप्पट काम करतात. परत आल्या आल्या शेटनी फर्मान काढलं. प्रत्येकाने आपल्या हंड्यावर आपल्या नावाचा शिक्का मारायचा. शनिवारी ज्याचे हंडे सगळ्यांत जास्त, त्याला जरीचा फेटा. ज्याचे सगळ्यांत कमी, त्याने पुढचा आठवडाभर दुपारची भाकरी उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी बसून खायची.

"याने माणसाला हुरूप येतो," शेट म्हणाले.

हुरूप म्हणे. पन्नाशीच्या कारागिराला चपलांत बसवायचं आणि त्याला हुरूप म्हणायचं. असल्या शहाणपणाला काय म्हणावं तेच कळत नाही.

पहिल्या आठवड्यात त्र्यंबक शेवटचा आला. दुसऱ्यातही तोच. तो बाहेर बसून मुकाट्याने भाकरी खाई. एके दिवशी त्याची बायको गोदा भाकरी घेऊन आली आणि नवऱ्याला चपलांत बसलेला तिने पाहिला. भाकरी ठेवली आणि खाली मान घालून निघून गेली. त्र्यंबकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग होता शेटवर, पण तो निघाला भलतीकडेच.

त्या दुपारपासून कोणी "कान दे" म्हणत आलं की त्र्यंबक मान वर न करता सांगू लागला, "हात मोकळा नाही." बाकीच्यांनी तर दुसऱ्याला कान देणं केव्हाच सोडून दिलं होतं. दुसऱ्याचा हंडा ऐकत बसलं तर आपला एक कमी होतो. बारा माणसं खाली मान घालून नुसती ठोकत राहिली. ढीग वाढला. शेट मिशीला पीळ देत हिंडू लागले.

एका शुक्रवारी सोपानने आपला हंडा ढिगावर ठेवला. ठेवताना तो बद्द वाजला. त्र्यंबकने ऐकलं. सांध्यालाच चीर होती, त्याची खात्रीच झाली. तोंडाशी शब्द आला होता. पण सोपान आणि तो त्या आठवड्यात सगळ्यांच्या पुढे, बरोबरीने चालले होते, आणि उठून चीर दाखवत बसलं तर त्याच्या हातातला शेवटचा हंडा अर्धा राहिला असता. त्र्यंबकने शब्द गिळला आणि हातोडा उचलला.

शनिवारी फेटा त्र्यंबकच्या डोक्यावर चढला.

चार दिवसांनी शेजारच्या गावातला एक म्हातारा तो हंडा काखेत मारून कारखान्यात शिरला. सुनेच्या बाळंतपणासाठी त्यात पाणी उकळायला ठेवलं होतं. सांधा उकलला आणि उकळतं पाणी सुईणीच्या पायावर आलं. "बाईच्या पायाची सालडी निघाली," म्हातारा म्हणाला आणि त्याने हंडा शेटच्या पुढ्यात आपटला.

शेटनी शिक्का पाहिला. सोपानचा होता.

"गाशा गुंडाळ," शेट सोपानला म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

सोपान पांढराफटक पडला. घरात त्याच्या एकट्याच्या हातावर सहा माणसं जेवत होती. त्याने हातोडा खाली ठेवला, तेव्हा त्र्यंबक उठला.

"शेट, हा हंडा बद्द वाजत होता. मी शुक्रवारीच ऐकलं."

"मग बोलला का नाहीस?"

त्र्यंबकने डोक्यावरचा फेटा काढला आणि हंड्याच्या चिरेत खुपसला. "याच्यापायी," तो म्हणाला. "वीस वर्षांत इथून एक फुटका हंडा बाहेर गेला नव्हता. तेव्हा हंडा कारखान्याचा असायचा. तुम्ही त्यावर नावं घातलीत, आणि शेजारी चुकला की बरं वाटायला लागलं. मलाही वाटलं. लाज वाटते सांगायची."

तो बाहेर जाऊन चपलांशेजारी बसला. मग सोपानही येऊन बसला. त्याच्यामागून एकेक करत बाकीचे दहाजण आले. ठोकणं थांबलं.

आत शेट एकटेच उरले. ढिगात आणखी किती फुटके, कोण जाणे. त्यांनी एक हंडा उचलून वाजवला. दुसरा वाजवला. पाच-सहा वाजवले. त्यांच्या कानाला सगळे सारखेच वाटले. जन्मभर हंडे विकले, पण कान कुठे तयार केला होता. घाम फुटला त्यांना. शेवटी एक हंडा घेऊन ते उंबऱ्याशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्र्यंबक, कान दे."

त्र्यंबकने हंडा घेतला नाही. दोन चपला बाजूला सारून जागा केली. "आधी बसा इथे."

नरहरशेट बसले. आतबाहेर करणारा जो तो त्यांना ओलांडून गेला. त्या दुपारी बाराजणांनी सगळा ढीग ऐकला, तेव्हा सतरा हंडे बद्द निघाले. शिक्के भट्टीत गेले. सोपान आपल्या जागेवर राहिला. सुईणीच्या औषधपाण्याचं शेटनी पाहिलं, आणि पाय बरा होईपर्यंत तिच्या घरी पाणी भरायला त्र्यंबक स्वतः जात असे. जरीचा फेटा फाडून हंडे पुसायला घेतला.

तात्पर्य: कामाला हुरूप यावा म्हणून माणसांना एकमेकांच्या पुढेमागे उभं करणारा मालक काम वाढवत नाही, तो त्यांची एकमेकांवरची माया मोडतो; आणि चांगलं काम त्या मायेनेच होत असतं.