सुरुंगाला अनुमती

विषय : शाळांच्या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुंग पेरण्यास अनुमती मिळण्याबाबत.

अर्जदार : मल्लिनाथ हत्तरकी, सदर सॉफ्टवेअरचा कर्ता. अप्पाजींच्या मठात प्रश्न लेखी द्यावा लागे. निम्मे प्रश्न लिहितानाच सुटत, असा मठाचा अनुभव होता. मल्लिनाथचा सुटला नव्हता.

“सुरुंगानं नेमकं काय होणार?” अर्जावरची नजर न काढता अप्पाजींनी विचारलं.

“ज्यांनी चोरून कॉपी घेतली, त्यांचं वेळापत्रक सोमवारी सकाळी कोरं होईल.”

“अशा शाळा किती?”

“चारशेच्या वर. विकत घेणाऱ्या एकोणीस. अप्पाजी, माझ्याकडं दोन मुली कामाला होत्या, हुशार. गेल्या महिन्यात त्यांना घरी बसवलं. आता सगळं मी एकटा बघतो. आणि फोनवर आवाज चढवतात ते सगळे फुकटे.”

“लोक का चोरतात?”

“लोभ.” मल्लिनाथकडे उत्तर तयारच असे.

अप्पाजी उठले. मल्लिनाथला मठाच्या शाळेच्या कचेरीत नेऊन त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर मल्लिनाथचंच वेळापत्रक उघडलं. कोपऱ्यात, परवानाधारक म्हणून, भलत्याच शाळेचं नाव होतं.

“हे… इथंसुद्धा?”

“हेडमास्तरांनी आणलं. मी विचारलं नाही.”

“का नाही विचारलं?”

“विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.”

अप्पाजींनी खुर्ची पुढं सरकवली. “इथं पेरून दाखव. मग अनुमतीचं बघू.”

मल्लिनाथ तावातावानं बसला. बोट उचललं… आणि थांबला.

“गुरुवारी तिसऱ्या तासाला चित्रकलेचे सर सहावीतही आहेत आणि आठवीतही.”

“हो. गुरुवारी फार पळतात बिचारे.”

“जुनी आवृत्ती आहे ही. चूक माझीच. दुरुस्ती दोन वर्षांपूर्वी मी फक्त विकत घेणाऱ्यांना पाठवली.”

मग पंधरा मिनिटं तो दुरुस्तीत गढला. चित्रकलेच्या सरांना एका वर्गात स्थिर करूनच त्यानं मान वर केली. चेहऱ्यावर समाधान होतं. सुरुंग पेरायला आलेल्या माणसाला ते शोभत नव्हतं; पण लपवताही येत नव्हतं.

तेवढ्या वेळात अप्पाजींनी एक कागद लिहून काढला होता. तो दोन्ही हातांनी पुढं धरून ते टेबलासमोर उभे राहिले, अर्जदार उभा राहतो तसे.

‘विषय : न विचारता वापरल्याबद्दल क्षमा मिळणे व रीतसर परवाना मिळण्याबाबत.’

मल्लिनाथ गडबडून उठला. “अप्पाजी, बसा तुम्ही. असं लाजवू नका.”

“निकाल दे.”

“मी तुम्हाला काय क्षमा करणार…”

“मग सवडीनं दे.”

मल्लिनाथनं कागद घडी करून खिशात ठेवला. दारापर्यंत गेला. वळला.

“आणि माझा अर्ज?”

“माझ्या अर्जाच्या निकालापर्यंत प्रलंबित.”