चौथी खेप

“तीनदा संधी देऊनही जो सुधरत नाही, त्याचं सरकारनं करायचं तरी काय, भंते?”

सुगत खोब्रागडेनं मसुदा पुढे ठेवला. मेथ या अमली पदार्थाच्या नशेबद्दलचं राज्याचं नवं धोरण त्यानंच लिहिलं होतं. नशेत सापडलेल्याला तीनदा उपचार, चौथ्यांदा थेट तुरुंग. टेकडीवरच्या या विहारात गेली बारा वर्षं अशी पोरं येऊन राहून जात होती, म्हणून धोरण ठरवणाऱ्या समितीला भंते उपसेनांचं मत हवं होतं.

भंतेंनी कागदाला हात लावला नाही.

“तीनच का?”

“कुठंतरी रेघ ओढावीच लागते.”

“तू ओढलीस?”

सुगतनं मसुद्याची पानं उगाच सरळ केली.

चार वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ प्रशिक उपचारांतून तिसऱ्यांदा घरी आला, आणि आठवड्यातच पुन्हा नशेत सापडला. सुगतनं त्याला बाहेर काढून कडी लावली. ‘दादा, ऐक ना’ एवढंच दाराबाहेरून ऐकू आलं. त्यानंतर प्रशिकचा पत्ता नाही. तेव्हापासून सुगत गर्दीतल्या पाठमोऱ्या माणसांत प्रशिकला शोधत चालायचा.

“नियम सगळ्यांना सारखाच हवा, भंते.”

“हं...”

खालून पायऱ्यांवर कुणीतरी येत होतं. किडकिडीत अंग, डावा खांदा पडलेला, मान खाली.

सुगत उठला. तापलेल्या दगडांवरून अनवाणीच, दोन-दोन पायऱ्या ओलांडत तो खाली धावला. अर्ध्या वाटेवर त्यानं त्या माणसाचा हात धरला.

माणसानं मान वर केली. अनोळखी चेहरा. काखेत तांदळाची पिशवी.

“काय झालं, साहेब?”

“काही नाही...”

हात सोडायला मात्र सुगतला जरा वेळ लागला.

तो वर येऊन बसला.

“प्रशिक वाटला,” तो म्हणाला.

भंतेंनी नुसती मान हलवली.

“अजून घेत असेल का, सुटली असेल का... काहीच कळत नाही. नशेत आला असता तरी चाललं असतं, भंते. नुसता यायला हवा होता.”

मग सुगतनं मसुदा जवळ ओढला आणि पेन काढलं.

“यात काय बदलू?”

भंते पायऱ्यांकडे बघत होते.

“आत्ता जो खाली धावला ना... त्याच्याकडून लिहून घे.”