मारबाबाचा बांध

पाणखळच्या बावखलात, म्हणजे आमच्या गावच्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, दोन्ही काठांवरून एकेक बांध पुढे येतो आणि मधेच थांबतो. मधल्या खिंडीतून पाणी इकडून तिकडे जातं. अर्धा बांध कुणी घालतं का, असं पाहुणे विचारतात. तेव्हा बस्त्याव आजोबा, माझे चुलत आजेसासरे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात. टोपी निघाली की गोष्ट लांबणार, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं.

गोष्ट पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची. सोपाऱ्याच्या बंदरात घोड्यांची जहाजं यायची, त्यांतल्या एका जहाजातून इराणचे एक बिशप आले, असं सांगतात. नाव मार यझदीन. गावाने त्यांचा मारबाबा केला. आले तेव्हा दाढी काळी होती. आईला सांगून निघाले होते, वारा फिरला की येतो. वारा दरवर्षी फिरायचा, पण इराणातल्या थोरल्या धर्मगुरूंच्या हुकमाशिवाय गाव सोडता यायचं नाही. मारबाबा बंदरावर जायचे, नाखव्याला आईची खुशाली विचारायचे आणि जहाज निघालं की डोलकाठी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे.

मग वाद आला. मित्र मेला तेव्हा येशू रडला, हे सगळ्यांना मान्य. पण रडला कोण? मारबाबा शिकले होते की रडला तो येशूतला माणूस. देवाला रडू शिवत नाही. मिसर देशाहून आलेला एक संन्यासी खाडीकाठी सांगू लागला, रडला तो देवच. झालं. अर्धं गाव इकडे, अर्धं तिकडे. "देवाला कुणीच पाहिलं नव्हतं," आजोबा म्हणतात, "पण एकमेकांची तोंडं पाहायची सोडली." एकमेकांचं पाणी नको म्हणून बावखलात मधोमध बांध घातला. पाणी खालून पाझरत राहिलं म्हणे, पण तिकडे कोण बघतो.

त्या वर्षी नाखव्याने हुकूम आणला. देव रडला म्हणणाऱ्यांना ईस्टरच्या आधी वाळीत टाका, आणि याच जहाजाने परत या. जाता जाता नाखवा म्हणाला, "आई थकलीय, बाबा. फारसं दिसत नाही. पण रोज विचारते, वारा फिरला का."

मारबाबांनी गाठोडं बांधलं. देवळात जाऊन वाळीत टाकल्याचे चार शब्द बोलायचे, की जहाजात बसायचं. सकाळी तोंड धुवायला ते बावखलावर गेले, तर बांधावर घागर ठेवून एक नवी सून रडत होती. हिरू तिचं नाव. सासर या काठाला, माहेर त्या काठाला. आईच्या चुलीचा धूर समोर दिसायचा. आज त्या काठाला वाळीत टाकल्यावर माहेरचा नुसता धूरच उरणार होता.

मारबाबांनी शिकलेलं होतं तेच सांगितलं. "पोरी, रडतं ते शरीर. आत्म्याला त्याचं काही नसतं."

हिरूने पदराने नाक पुसलं. "मग बाबा, आत्म्याला तेवढा आईकडे सोडा. शरीर थांबेल इथं, पाणी भरायचंय."

घागर भरता भरता तिने पुढे विचारलं, "बंदरावर तुम्ही रडता, तेव्हा कोण रडतं?"

असं सांगतात की मारबाबा देवळात गेलेच नाहीत. जवळच्या वाडीतून फावडं आणलं आणि बांध मधोमध फोडायला घेतला. नाखवा बोलवायला आला, तेव्हा ते कमरेइतक्या पाण्यात उभे होते. मान वर न करता म्हणाले, "आईला सांग, वारा अजून फिरला नाही."

जहाज गेलं. वाद काही मिटला नाही. देव रडला की माणूस, हे गावाला अजून ठरवता आलेलं नाही. पण कुठलं पाणी कुणाचं, हे ओळखायची सोय उरली नाही, आणि हिरू त्या दुपारी आईकडे जेवली. मारबाबा पुढे इथेच वारले. त्यांना बांधाच्या टोकाशी, समुद्राकडे तोंड करून पुरलं म्हणे.

आजही ईस्टरच्या आदल्या शनिवारी गावातली नवी सून बांधाच्या टोकाचं एक ढेकूळ काढून पाण्यात सोडते. सासू म्हणते, "वारा फिरला." मग तिला त्याच दिवशी माहेरी पाठवावंच लागतं, कामं कितीही पडलेली असोत.

यंदा माझी पाळी होती. माझं माहेर नगरकडचं, प्रोटेस्टंट; सासर कॅथलिक. मरियामातेपुढच्या मेणबत्तीवरून लग्नाआधी दोन्ही घरांत पुरेसं बोलून झालंय. पप्पा अजून इथे पाणी प्यायलेले नाहीत. मी ढेकूळ सोडलं. सासूबाईंनी माझी पिशवी स्वतःच आणली होती, वर पप्पांसाठी केळी बांधून. "वारा फिरला गं," त्या म्हणाल्या. "जाऊन ये."

ढेकूळ विरघळायला वेळ लागतो. तेवढा वेळ काठावरचं कुणी सुनेला 'रडू नको' म्हणत नाही.