न विचारता घेतलेली वेल

सकाळच्या धुक्यात हौसाक्कांची रोपांची हातगाडी निघाली, की एखादी बागच झोपेत चालल्यासारखी दिसे. मोगरा डुलायचा, जास्वंद मान हलवायची, आणि गाडी ढकलता ढकलता हौसाक्काही त्याच स्वप्नात शिरायच्या. पतसंस्थेचे चेअरमन भाऊसाहेब यांच्या फाटकाशी मात्र ते स्वप्न रोज मोडे. भाऊसाहेब बाहेर यायचे आणि गाडीवरच्या मनीप्लांटचा शेंडा खुडून खिशात घालायचे.

त्या दिवशी हौसाक्का म्हणाल्या, "साहेब, इचारून तरी घ्या."

गाडीभोवतीच्या बायकांकडे बघत भाऊसाहेब हसले. "अगं, मनीप्लांट न विचारताच न्यायचं असतं, तरच ते लागतं आणि घरात लक्ष्मी येते. ही चोरी नव्हे, रीत आहे! पटत नसेल तर उद्यापासून गाडी इथं लावू नकोस."

हौसाक्कांनी वेलीच्या पानावरचं दव हलकेच पुसलं.

"रीतच म्हणायची ही?"

"शंभर टक्के!"

"मग बरं झालं. ही वेल मी तुमच्याच कुंपणावरनं खुडून आणलीया, न इचारता. लक्ष्मी आली माझ्याकडं. तुम्ही मातुर रोज सवताचीच वेल चोरताय, ती कशी लागायची?"

बायका पदराआड हसल्या. भाऊसाहेबांनी वळून कुंपणाकडे पाहिलं. हिला चोर म्हणावं, तर आपलीच रीत आडवी येत होती. शेवटी अब्रू राखायला त्यांनी पाकीट काढलं.

"बरं, केवढ्याला देतेस?"

हौसाक्का स्वप्नातल्यासारख्या हसल्या.

"इकत घेतल्याली लागत न्हाई, साहेब."