वेणू साळिंदर, एम.ए., हिचा शेवटचा काटा

एक जंगल होतं. त्याचं नाव सुफळवन. फळं पूर्वी होती. ती संपल्यावर सरकारनं हे नाव दिलं. तिथला राजा बिबट्या. तो दर पाच वर्षांनी निवडून येई आणि दर वेळी त्याला मोठं आश्चर्य वाटे. त्याच्या विरोधात कोणी उभं राहत नव्हतं असं नाही. उभं राहिलेलं पुढं कुठं दिसत नसे, एवढंच.

जंगलात एक कॉलेज होतं. टेकडीच्या उतारावर, करवंदीच्या जाळीमागं. प्राचार्य होते बगळे सर. अनुदान निम्मं झाल्यापासून ते एका पायावर उभं राहून शिकवत. दर वर्षी ससे, भेकरं, वानरं पदवी घेऊन कॉलेजातून बाहेर पडत आणि समोरच्या उंबराखाली जाऊन बसत. उंबर चांगला ऐसपैस होता, तरी आताशा सावली पुरत नव्हती.

साळिंदरांच्या घराण्यातून या कॉलेजात पहिल्यांदा गेली ती वेणू. एम.ए., पहिला वर्ग. तिची आई भागाबाई निरक्षर. वेणू पहिल्या दिवशी निघाली तेव्हा बिळाच्या तोंडाशी बसून सुरण कुरतडत ती म्हणाली होती, "शीक बाई. पण अंगाला सांभाळून शीक." म्हणजे काय, हे विचारावं असं वेणूला वाटलं नाही. पहिल्या वर्गात येणाऱ्यांना अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न पडत नाहीत.

आता सुफळवनात लिहायचं म्हणजे जांभळाची शाई, पळसाचं पान आणि साळिंदराचा काटा. बाकीची पोरं गळून पडलेले काटे शोधत रानभर हिंडत. वेणूचं तसं नव्हतं. पेपर हातात पडला की ती पाठीकडे हात न्यायची, एक काटा उपटायची आणि लिहायला लागायची. एका पेपरात एक काटा झिजे. पदवी मिळेस्तोवर पाठ निम्मी विरळ झाली. पण पदवीदानाला वर काळा झगा होता, त्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते एकट्या प्रमुख पाहुण्यांच्या. प्रमुख पाहुणा आयुष्यात यशस्वी झालेला असावा, अशी त्या कॉलेजची जुनी प्रथा. त्यामुळे दर वर्षी शिक्षणमंत्री रावसाहेब रानडुक्कर यांनाच बोलवावं लागे. रावसाहेब दर वर्षी म्हणत, "विद्यार्थी मित्रहो, मी तिसरीत तीन वर्षं काढली. कॉलेजची पायरी चढलो नाही. आणि आज बघा, त्या पायरीला माझं नाव आहे!" टाळ्या पडत. मग रावसाहेब आपल्या हातानं पदव्या वाटत.

वेणूला पदवी देताना त्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. "मॅडम, उरलेत किती?"

"साठेक असतील."

"मग आमच्याकडं या. अकरा महिन्यांचा करार. पुढं कायम करूच."

आणि वेणू मंत्र्यांची भाषणं लिहू लागली. 'मी शिकलो नाही तरी माझं काही अडलं नाही' हे तिनं त्यांना इतक्या सुंदर भाषेत लिहून दिलं की ऐकणाऱ्या सशांच्या डोळ्यांत पाणी यायचं. रावसाहेबांना वाचता येत नव्हतं, म्हणून पाठ करून घ्यायचं कामही तिचंच. अकरा महिने संपले की एक दिवस घरी, पुन्हा अकरा महिने. असं पाच वेळा झालं. मग राजाचे जाहीरनामे आले, राणीसाहेबांचे शोकसंदेश आले. कुठंही जा, पळसाला पानं तीन आणि सरकारी कागदाला प्रती तीन. वेणूच्या पाठीवर तीनच काटे उरले.

तेवढ्यात निवडणूक आली, आणि उंबराखालची मंडळी उठून उभी राहिली. एवढी वर्षं बसून होती तेव्हा कोणी मोजलं नव्हतं. उभी राहिल्यावर पार ओढ्यापर्यंत डोकीच डोकी. घोषणा सुरू झाली, "पदवी घ्या परत, पाच वर्षं द्या परत!"

राजानं तातडीनं आयोग नेमला. विषय : कॉलेजच्या शिक्षणानं प्राणी आयुष्यात यशस्वी होतो का? अध्यक्ष रावसाहेब, सचिव वेणू. मुदत पंधरा दिवस.

पहिल्या बैठकीत यशस्वी कोणाला म्हणायचं यावर खल झाला. रावसाहेब म्हणाले, "त्यात काय एवढं? ज्याला खायला बाहेर जावं लागत नाही, खाणं चालत घरी येतं, तो यशस्वी." व्याख्या एकमतानं मंजूर झाली. बैठकीला ते एकटेच होते.

वेणूनं दारोदार फिरून पाहणी केली. ज्यांच्याकडं खाणं चालत येत होतं अशी अकरा घरं निघाली. त्यांतलं एकही कॉलेजात गेलेलं नव्हतं. मात्र प्रत्येक घराच्या ओसरीवर एक पदवीधर बसलेला होता. कुठं कोणाचा हिशेब लिहीत, कुठं कोणाची आत्मस्तुती, कुठं कोणाच्या पोराचा गृहपाठ. वेणूनं येऊन सांगितलं : कॉलेजच्या शिक्षणानं यश नक्की मिळतं, ज्यानं शिक्षण घेतलं त्यालाच मिळतं असं मात्र नाही.

रावसाहेबांना हे वाक्य आवडलं नाही. "एवढं लांबड कशाला? सरळ 'नाही' लिहा. कॉलेज बंद करू. त्या उतारात खाली काय कंद आहेत, मॅडम! बगळ्याच्या पायाखाली सोनं आहे, आणि तो एका पायावर उभा!"

वेणूनं एक काटा उपटला, 'नाही' असा अहवाल लिहिला. उरले दोन.

दुसऱ्या दिवशी बगळे सर आले. ते दोन्ही पायांवर आले, यावरूनच प्रसंग कळला. "वेणू, कॉलेज बुडालं तर मी जाऊ कुठं? मासे धरायची सवय राहिली नाही गं. त्यावर मी प्रबंध लिहिला होता, तेव्हापासून एकही मिळाला नाही." वेणूला आपल्या गुरूची दया आली. तिनं दुसरा काटा उपटला, 'होय' असा अहवाल लिहिला.

उरला एक.

संध्याकाळी दोन्ही अहवाल घेऊन ती राजाकडं गेली. राजानं दोन्ही ऐकले आणि शेपटी आपटली.

"'होय' म्हटलं तर सगळ्यांना नोकऱ्या द्याव्या लागतील. आणि 'नाही' म्हटलं तर कॉलेज बंद. कॉलेज बंद म्हणजे ही पोरं बसणार कुठं? वेणूताई, पोरगं पाच वर्षं वर्गात बसलं की तेवढ्यात एक निवडणूक निघून जाते. कॉलेजचा याहून मोठा उपयोग आम्हाला तरी माहीत नाही."

"मग काय लिहू, महाराज?"

"असं लिहा की 'होय'वाल्यांना होय वाटेल आणि 'नाही'वाल्यांना नाही. तुम्ही एम.ए. आहात. परवा सभेत अहवाल वाचू, तिथंच तुम्हाला कायम करू. आणि सर्वांसमक्ष मी तुम्हाला मिठी मारणार आहे." राजानं तिच्या पाठीवरून मायेनं नजर फिरवली. "एवढी वर्षं राहूनच गेलं बघा."

वेणू आनंदानं घरी आली. भागाबाई बिळाच्या तोंडाशी होती. अंगावर काटे असे की वारा आला तर खुळखुळ आवाज व्हायचा.

"आई, मी कायम होणार! महाराज मिठी मारणार आहेत."

भागाबाई सुरण खायची थांबली. "कोण? बिबट्या?"

"हो गं. फार माया करतात."

"पहिल्यांदा गेलीस तेव्हा तुझ्यापासून किती हातांवर बसला होता?"

वेणूनं आठवून पाहिलं. "दहा-बारा हात असेल."

"गेल्या साली?"

"पाच."

"आन् आज?"

आज राजाच्या मिशा तिच्या हातातल्या पानाला लागत होत्या.

"वेणे, तू लई शिकलीस," भागाबाई म्हणाली. "मला आकडा लिहिता येत नाही. पण बिबट्या किती हातांवर बसलाय हे आमच्यात पोर डोळे उघडायच्या आधी शिकतं. हा विषय तुला नव्हता का?"

"काटे परत येतात, आई."

"येतात की. पर एक उगवायच्या आत तुझ्याकडं दुसरा अर्ज येतो."

परवाच्या सकाळपर्यंत वेणू त्या एका काट्यावर हात ठेवून बसली होती. अहवाल लिहिला तर नोकरी कायम. आणि मग मिठीत ती कायमची. नाही लिहिला तर कराराची पाच वर्षं, पहिला वर्ग, सगळं उंबराखाली. शेवटी तिनं पळसाचं एक मोठं पान घेतलं, सुबक घडी घातली, वरून दोरा बांधला आणि कोरंच सभेला नेलं.

सभा प्रचंड होती. राजानं दोरा सोडला, पान डोळ्यांसमोर धरलं. वेणूनं डोळे मिटून घेतले.

"अहवालात स्पष्ट म्हटलंय," राजा म्हणाला, "की गेल्या पाच वर्षांत सुफळवनात जेवढं शिक्षण झालं तेवढं आधीच्या पन्नास वर्षांत झालं नाही! अहवालात असंही म्हटलंय की यश हे नोकरीत नसून मनात असतं! आणि पान तीनवर—" त्यानं पान उलटं केलं, "पान तीनवर तर आमच्याबद्दल इतकं लिहिलंय की मला वाचायला संकोच वाटतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत सगळे पदवीधर होते. पानाची मागची बाजूही कोरी आहे हे त्यांना दिसत होतं, आणि वाचता तर सगळ्यांनाच येत होतं. पण दुसऱ्या दिवसापासून भरती निघणार अशी बातमी होती. त्यांनी जास्तच जोरात टाळ्या वाजवल्या. बगळे सरांनी एक पाय वर घेतला.

"आता या, वेणूताई," राजा म्हणाला आणि त्यानं हात पसरले.

साळिंदराची जात अशी की भीती वाटली की ती पळत नाही. पाठ फिरवते आणि मागं मागं सरकते. हे कॉलेजात शिकवत नाहीत, म्हणून वेणू ते विसरलेली नव्हती. राजाचा श्वास मानेवर आला, तशी ती गर्रकन वळली आणि होता नव्हता तो एक काटा घेऊन मागं सरकली.

काटा राजाच्या नाकात गेला, चांगला बोटभर.

सभेत एकच गोंधळ उडाला. राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण निवडणूक जवळ होती, त्यानं हसणं सोडलं नाही. त्या गोंधळात वेणू बिळात पोचली. संध्याकाळी सरकारनं खुलासा केला की महाराजांच्या नाकात काटा नसून ते ज्ञानाचं सन्मानचिन्ह आहे. दुसऱ्या दिवशी सगळे मंत्री बाभळीचा काटा नाकात खोचून आले. रावसाहेबांनी दोन खोचले होते.

निवडणूक बहुमतानं पार पडली. मग शांतपणे हुकूम निघाला : अंगावर काटा बाळगायला परवाना लागेल. परवान्याला पदवी लागेल. पदवी मिळेपर्यंत काटे सरकारजमा करावेत. एवढंच नाही, शिंगं, सुळे, नख्या, सगळ्याला पदवी लागेल; निवडून आलेल्यांना सूट. लगेच प्रवेशासाठी ओढ्यापर्यंत रांग लागली. कॉलेज बंद करा म्हणणाऱ्या रावसाहेबांनी आठवड्यात तीन कॉलेजं काढली. फी कंदांत घेतात आणि सध्या प्रमुख पाहुणे म्हणून स्वतःच्याच कॉलेजात जातात.

वेणूचा करार संपला. ती बिळात राहते, सुरण खाते. पाठीवर बारीक बारीक अंकुर आलेत.

परवा भागाबाईच्या नावानं एक कागद आला. आणून द्यायला शिपाई बिळापर्यंत आला नाही. लांबूनच फेकून गेला. म्हातारीनं तो उचलून वेणूपुढं धरला. "काय लिवलंय गं?"

वेणूनं वाचलं. सात दिवसांत सर्व काटे जमा करावेत, अन्यथा.

"काही नाही, आई. सरकारनं सणाच्या शुभेच्छा दिल्यात."

"तरीच," भागाबाई म्हणाली, आणि अंग झाडून खुळखुळ करत सुरण शोधायला निघाली. जाता जाता थांबून म्हणाली, "शिकवलं ते बरं केलं तुला. घरात एक तरी वाचणारं पाहिजे."

तिला संशय यायचं काही कारणही नव्हतं. कागदावर राजाची हसरी छबी एवढी मोठी होती की सुफळवनात शुभेच्छा कुठली आणि नोटीस कुठली, हे ओळखायला निदान एम.ए. तरी व्हावं लागतं.