चुलीचे दगड आणि हवेलीची खिडकी

फार जुन्या काळी इंग्लंडात सर ऑल्ड्रिक नावाच्या जमीनदाराची हवेली होती. तिच्या मोठ्या खिडकीतून समोरचं खेडं दिसायचं, ते त्याला खुपलं. हिवाळ्याच्या तोंडावर त्यानं सगळी घरं पाडली, तिथे मोकळं कुरण केलं आणि त्या घरांच्या चुलींचे दगड आणून दिवाणखान्यात नवं धुराडं बांधलं.

नव्या धुराड्याखाली जाळ पेटवून त्यानं मेजवानी दिली, त्या दिवशी खिडकी दगडांना म्हणाली, "नशीब काढलंत! कालपर्यंत गरिबांची पेज शिजवत होतात."

"नशीब?" एक दगड कडाडला. "माझ्यापाशी एक म्हातारी हात शेकायची. ती आता झुडपाखाली कुडकुडते आहे. का, तर तुला मोकळं दिसावं म्हणून!"

"मी काय करू? मी फक्त बघते."

"मग बघ!"

संतापलेले दगड एकमेकांना भिडले आणि धुराची वाट बंद झाली. हवेलीभर धूर कोंडला. सर ऑल्ड्रिक आणि पाहुणे खोकत, डोळे चोळत बाहेर बर्फात पळाले.

"कुणाच्या तरी घरात चला!" सर ऑल्ड्रिक ओरडला.

खिडकीनं पाहिलं. समोर दूरवर एकही दार नव्हतं.